तांब्याची तार आणि कांचेचा तंतु

१९७९ सालीं पुणें शहरांत एक लहानशी घटना घडली. शहरांतील टेलिफोन-केंद्रें ज्या तांब्याच्या तारांनीं एकमेकांस जोडलेलीं होतीं, त्यांपैकीं एका मार्गावर कांचेच्या तंतूची जोडणी करण्यांत आली, आणि एका केंद्राकडून निघालेला शब्द दुसऱ्या केंद्राकडे प्रकाशाच्या रूपानें जाऊं लागला. भारताच्या टेलिफोन-व्यवस्थेंत प्रकाशतंतूचा हा पहिला प्रवेश होय. पुणेकरांस त्याची खबर बहुधा लागलीहि नसेल. घरांतलें यंत्र तेंच होतें, त्याची तबकडी तीच, आणि आवाजहि तोच. जो बदल झाला तो दृष्टीआड, दोन केंद्रांच्या दरम्यान.

तोच तंतु सामान्य गृहस्थाच्या भिंतींतून आंत येण्यास मात्र त्यानंतर तीस-चाळीस वर्षें लागलीं. मध्यंतरीं त्यानें अटलांटिक महासागर ओलांडला, तो मुंबईच्या किनाऱ्यास येऊन लागला, शहराशहरांना त्यानें जोडलें. परंतु केंद्रापासून घरापर्यंतचें जें हजार-दोन हजार पावलांचें अंतर, तें त्यास ओलांडतां आलें नाहीं. समुद्रापेक्षां गल्ली दुस्तर ठरली. आज शहरांतील घरोघरीं जुनी तारेची जोडणी काढून 'फायबर' घेण्याची लगबग चालू असतां, हा विलंब कां झाला हें पाहणें उपयोगाचें आहे. कारण त्या विलंबाचा इतिहास म्हणजेच घरगुती इंटरनेटचा इतिहास होय.

प्रथम तांब्याचें ऋण मान्य केलें पाहिजे. ह्या देशांत तारेनें संदेश पाठविण्याचा पहिला मोठा प्रयोग विल्यम ओशॉनेसी ह्या डॉक्टरी पेशाच्या गृहस्थांनीं १८३९ सालीं कलकत्त्यास केला. पुढें पंधरा-सोळा वर्षांत तारायंत्र मुंबई, आग्रा, कलकत्ता ह्या शहरांना जोडून सार्वजनिक उपयोगास खुलें झालें. जमिनीवरच्या त्या तारा लोखंडाच्या असत. समुद्राखालून जाण्याची वेळ आली तेव्हां मात्र तांब्यावांचून गत्यंतर नव्हतें. १८७० च्या फेब्रुवारींत 'ग्रेट ईस्टर्न' हें त्या काळचें अवाढव्य जहाज मुंबईहून एडनच्या दिशेनें केबल सोडीत निघालें. तिचा गाभा तांब्याचा आणि त्यावर गटापर्चा ह्या झाडाच्या चिकाचें वेष्टण होतें. त्याच वर्षीं मुंबई समुद्रमार्गानें थेट इंग्लंडशीं जोडली गेली.

टेलिफोन आला तो १८८२ सालीं. त्या वर्षाच्या जानेवारींत कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या तीन शहरांत टेलिफोनचीं केंद्रें उघडलीं. तीं खासगी कंपनीचीं होतीं. सरकारनें हा व्यवसाय १९४३ सालीं आपल्याकडे घेतला. तारायंत्र आणि टेलिफोन ह्यांत एक मोठा भेद आहे, आणि पुढील सर्व कथेचें मूळ त्या भेदांत आहे. तारायंत्राची तार एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत जाते. तेथून पुढें संदेश घेऊन शिपाई सायकलवरून जातो. टेलिफोनला शिपाई नाहीं. त्याची तार प्रत्येक घरांत जावी लागते, आणि तीहि प्रत्येकाची स्वतंत्र. एखाद्या पेठेंत हजार वर्गणीदार असले, तर केंद्रांतून हजार जोड्या बाहेर पडल्या पाहिजेत. त्या जाड केबलींतून रस्त्याखालून जात, नाक्यावरच्या लोखंडी कपाटांत शिरत, तेथून इमारतीच्या जिन्यांतल्या 'डीपी'च्या पेटींत येत, आणि अखेरीस दोन तारांची एक पिळलेली जोडी वर्गणीदाराच्या दारावरून आंत शिरे. दोन तारा एकमेकींभोंवतीं पिळण्याची युक्ति अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांचीच, १८८१ सालची. शेजारच्या तारांची कुजबूज आपल्या तारेंत शिरूं नये हा तिचा हेतु.

ह्या जोडीचा आणखी एक गुण होता, त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. केंद्रांतल्या बॅटऱ्यांतून सुमारें ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच तारांवरून घरापर्यंत येई. घरांतले दिवे गेले, गल्ली अंधारांत बुडाली, तरी टेलिफोन बोलत राही. पावसाळ्यांतल्या रात्रीं डॉक्टरांस बोलावण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना ह्या गुणाची किंमत सांगण्याचें कारण नाहीं.

हें तांब्याचें जाळें घालण्यास सरकारला अपार खर्च आला, आणि तरीहि तें कधींच पुरेसें झालें नाहीं. स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत टेलिफोनसाठीं अर्ज करून वर्षानुवर्षें वाट पाहणें हा मध्यम वर्गाच्या जीवनाचा एक भागच होता. ज्या वस्तूसाठीं इतकी वाट पाहिली, आणि जी एकदां भूमींत पुरली, ती उपटून टाकण्याची घाई कोणतीहि व्यवस्था करीत नाहीं. विलंबाचें पहिलें कारण हें.

आतां प्रकाशाकडे वळूं. प्रकाशास वळविण्याची कल्पना टेलिफोनहून जुनी आहे. १८४१ सालीं जिनीव्हा येथील दानिएल कोलादाँ ह्यांनीं पाण्याच्या टांकीस भोंक पाडून बाहेर पडणाऱ्या धारेंत प्रकाश सोडला, तेव्हां तो धारेबरोबर वळून खालीं आला. १८५४ सालीं जॉन टिंडल ह्यांनीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अशाच स्वरूपाचा प्रयोग श्रोत्यांस दाखविला. कारण सोपें आहे. पाण्यांतून हवेकडे निघालेला किरण पृष्ठभागावर फार तिरपा पडला, तर तो बाहेर न जातां आरशावरून परतावा तसा आंतच परततो. विहिरींत बुडी मारून वर पाहणाऱ्यास पाण्याचा दूरचा पृष्ठभाग चांदीच्या पत्र्यासारखा दिसतो, तो ह्याच नियमानें. धारेंतला किरण असाच ह्या कडेवरून त्या कडेवर आपटत पुढें सरकतो.

बेल ह्यांनीं १८८० सालीं वॉशिंग्टन येथें सूर्यप्रकाशाच्या झोतावर मनुष्याचा आवाज स्वार करून सुमारें दोनशें मीटर दूर पाठविला. आपल्या ह्या 'फोटोफोन'ची योग्यता ते टेलिफोनहून अधिक मानीत. जगानें तसें मानलें नाहीं, आणि त्यांत जगाचें फारसें चुकलें असेंहि म्हणवत नाहीं. ढग आला, धुकें पडलें, मध्यें एखादा पक्षी आला, कीं बोलणें तुटे. प्रकाशास मोकळ्या हवेंत सोडून भागणार नव्हतें. त्यास नळी हवी होती.

ती नळी कांचेची असावी, ह्या विचारास शास्त्रीय रूप देणाऱ्यांत एका भारतीयाचें नांव अग्रभागीं आहे. नरिंदर सिंग कपानी ह्यांचा जन्म १९२६ सालीं पंजाबांतील मोगा येथें झाला. डेहराडूनच्या शाळेंत असतांना प्रकाश केवळ सरळ रेषेंतच जातो असें शिक्षकांनीं सांगितलें, आणि तें खोटें ठरविण्याचा ध्यास आपण घेतला, असें ते पुढें सांगत. शिक्षकाचें तें वाक्य पुस्तकांतलें होतें आणि परीक्षेपुरतें खरेंहि होतें. परंतु वर्गांतल्या एका तरी मुलास तें टोंचावें, हें त्या शिक्षकाचें भाग्यच म्हटलें पाहिजे. १९५४ सालीं कपानी व त्यांचे गुरु हॅरोल्ड हॉपकिन्स ह्यांनीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत हजारों कांचतंतूंच्या जुडीमधून चित्र एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे नेऊन दाखविलें, आणि तें वृत्त 'नेचर' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. 'फायबर ऑप्टिक्स' हें नांवहि कपानी ह्यांनींच रूढ केलें. ते २०२० सालीं निवर्तले; दुसऱ्या वर्षीं भारत सरकारनें त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण अर्पण केलें.

परंतु कपानी ह्यांचा तंतु हातभर लांबीचा होता. पोटांत नळी घालून जठर पाहणाऱ्या वैद्यास तो पुरे. एका गांवाहून दुसऱ्या गांवीं बोलणाऱ्यास त्याचा उपयोग नव्हता. खिडकीची कांच समोरून पारदर्शक दिसते, पण तीच कडेनें पाहिली तर हिरवट काळी दिसते. जाडी वाढली कीं कांच प्रकाश गिळते. त्या काळच्या उत्तम तंतूंत सुद्धां वीस मीटर अंतरावर शंभर भागांपैकीं जेमतेम एक भाग प्रकाश शिल्लक राही. मैलांचा हिशेब मग बोलावयासच नको.

येथें चार्ल्स काव ह्यांचें कर्तृत्व पुढें येतें. शांघाय येथें जन्मलेले हे तरुण इंजिनियर इंग्लंडांतील हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्यें काम करीत होते. १९६६ च्या जुलैंत जॉर्ज हॉकहॅम ह्यांच्या सहकार्यानें त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचें सार असें कीं, प्रकाश गिळण्याचा दोष कांचेचा मूळचा नव्हे. तो कांचेंत मिसळलेल्या लोह वगैरे अशुद्ध द्रव्यांचा आहे. तीं काढून टाकलीं तर एक किलोमीटर गेल्यावर शंभरांत एक भाग प्रकाश उरेल अशी कांच होऊं शकेल, आणि तेवढ्यावर टेलिफोन चालविणें शक्य आहे. निबंध लिहून ते स्वस्थ बसले नाहींत. निरनिराळ्या देशांतल्या कांच कारखानदारांच्या गांठी घेऊन, अशी कांच करा म्हणून त्यांनीं त्यांच्यामागें लकडा लावला. पुष्कळांनीं ऐकून घेतलें आणि सोडून दिलें.

१९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनल्ड केक व पीटर शुल्ट्झ ह्या तिघांनीं तशी कांच करून दाखविली. एका किलोमीटरनंतर शंभरांत दोन भाग प्रकाश शिल्लक राहिला. काव ह्यांनीं मागितला होता त्याच्या दुप्पट. त्याच वर्षीं रशियांत व अमेरिकेंत, सामान्य उष्णतामानांत अखंड चालणारा आणि मिठाच्या खड्याएवढा लहान असा लेसर तयार झाला. दिवा आणि नळी हीं दोन्हीं एकाच वर्षीं हातीं आलीं, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. पुढें १९७९ पर्यंत जपानी संशोधकांनीं कांच इतकी निर्मळ केली कीं, तोच शंभरांतला एक भाग शंभर किलोमीटरनंतर उरूं लागला. वीस मीटर, एक किलोमीटर, शंभर किलोमीटर, एवढा प्रवास सुमारें तेरा वर्षांत झाला. काव ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें मात्र २००९ सालीं.

१९७७ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया व शिकागो येथें प्रकाशतंतूवरून टेलिफोनचीं संभाषणें सुरू झालीं, आणि दोन वर्षांत तो तंतु पुण्यास आला. म्हणजे ज्या देशांत साध्या टेलिफोनसाठीं वर्षानुवर्षें रांगा होत्या, तो देश ह्या बाबतींत फार मागें नव्हता. ह्याची पूर्वतयारी मुंबईंत झाली होती. १९७५ सालीं मुंबई शहर व अंधेरी ह्या केंद्रांमध्यें आवाजाचें अंकांत रूपांतर करून तो पाठविण्याची पद्धति सुरू झाली होती. प्रकाशाची उघडझाप ही अंकांचीच भाषा असल्यामुळें पुढचें पाऊल सोपें झालें.

परंतु पहिला तंतु दोन केंद्रांच्या दरम्यानच कां घातला गेला? हिशेब पाहिला कीं उत्तर मिळतें. केंद्रांमधल्या मार्गावरून शेंकडों माणसें एकाच वेळीं बोलतात. तेथें एक महाग तंतु आणि दोन टोंकांस दोन महाग यंत्रें बसविलीं, तर तो खर्च शेंकडों लोकांत विभागला जातो. घराच्या दारापर्यंतच्या तारेवर बोलणारा एकच. तेथें तीच यंत्रें बसविण्याचा खर्च त्या एकट्यावर पडणार. ह्याच न्यायानें तंतूनें आधीं समुद्र पार केला. १९८८ च्या डिसेंबरांत अमेरिका, इंग्लंड व फ्रान्स ह्यांना जोडणारी 'टॅट-८' ही अटलांटिकमधली पहिली प्रकाशतंतूची केबल सुरू झाली. तिच्यावर एकाच वेळीं ४०,००० संभाषणें होऊं शकत. १९९४ सालीं 'सी-मी-वी-२' आणि १९९७ सालीं 'फ्लॅग' ह्या केबली मुंबईस येऊन लागल्या. ज्या बंदरांतून 'ग्रेट ईस्टर्न' तांबें सोडीत निघालें होतें, तेथें सव्वाशें वर्षांनीं कांच आली. ह्याच सुमारास तेव्हांच्या औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरजवळ, वाळूजच्या कारखान्यांत असे तंतु निघूं लागले. अतिशुद्ध कांचेचा दांडा सुमारें दोन हजार अंश उष्णतेंत मऊ करून त्याच्या टोंकापासून केंसाहून किंचित् जाड असा तंतु ओढीत नेतात. एका दांड्यांतून शेंकडों किलोमीटर तंतु निघतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य जनतेसाठीं इंटरनेट सुरू केलें. ज्यांनीं तें त्या दिवसांत वापरलें, त्यांस मोडेमचा तो कर्कश आवाज विसरणें शक्य नाहीं. संगणकाचे अंक आवाजांत बदलून टेलिफोनच्या तारेवर सोडायचे आणि पलीकडे पुन्हां आवाजाचे अंक करायचे, अशी ती द्राविडी प्राणायामाची रीत होती. वेग सेकंदास ९,६०० बिट. आज खिशांतल्या फोननें सहज काढलेलें एक मेगाबाइटचें छायाचित्र त्या जोडणीवर यावयास सुमारें चौदा मिनिटें लागतीं. तोंवर घरांतला टेलिफोन अडलेला, बाहेरून येणारा मनुष्य 'लाइन व्यस्त' ऐकून कंटाळलेला, आणि टेलिफोनचें बिल वाढत चाललेलें.

इंजिनियरांनीं मग तांब्याकडे पुन्हां पाहिलें. मनुष्याच्या बोलण्यास त्या तारेंतला सेकंदास सुमारें चार हजार कंपनांपर्यंतचाच भाग लागतो. त्याहून वरचा सारा विस्तार शंभर वर्षें रिकामाच पडून होता. त्या रिकाम्या भागांतून अंक पाठविण्याची जी रीत निघाली, तिनें टेलिफोन मोकळा ठेवून इंटरनेट चालूं लागलें. मुंबई-दिल्लींत महानगर टेलिफोन निगमाची 'ट्राय-बँड' आणि इतरत्र भारत संचार निगमाची 'डेटावन' ही सेवा जानेवारी २००५ मध्यें सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षींच सरकारनें ब्रॉडबँडची व्याख्या केली होती: सेकंदास किमान २५६ किलोबिट. वर सांगितलेलें छायाचित्र आतां अर्ध्या मिनिटांत येऊं लागलें. ही जोडणी ज्या घरांत प्रथम आली, तेथें चमत्कार घडल्यासारखें वाटलें. आणि तें वाटणें खोटें नव्हतें.

मात्र ह्या चमत्कारामुळेंच कांचेस आणखी उशीर झाला, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. पुरलेल्या तांब्यांतूनच जर काम भागतें, तर रस्ता कोण खणील? तांब्याच्या मर्यादा हळूहळू उघड झाल्या. उच्च कंपनें तांब्यांत लवकर विरतात. म्हणून केंद्राच्या शेजारीं राहणाऱ्यास भरपूर वेग मिळे, आणि तीन-चार किलोमीटर दूर असलेल्यास त्याच पैशांत त्याचा लहानसा अंश मिळे. पावसाळ्यांत सांध्यांतून पाणी शिरलें कीं तोहि जाई. शिवाय ह्या रीतींत घराकडे येणारा मार्ग रुंद आणि घरांतून बाहेर जाणारा मार्ग अरुंद ठेवलेला असे. पाहणें पुष्कळ, पाठविणें थोडें, असें गृहीत धरलें होतें.

येथें वेगाविषयींचा एक गैरसमज दूर केलेला बरा. तांब्यांतून विद्युत् मंद चालते आणि कांचेंतून प्रकाश जलद धांवतो, म्हणून फायबर जलद, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. कांचेंत प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो, आणि चांगल्या तांब्याच्या केबलींतला विद्युत्-संदेशहि जवळजवळ तितक्याच वेगानें जातो. फरक मार्गाच्या रुंदीचा आहे. तांब्याची जोडी ही बोळ आहे, कांचेचा तंतु हा राजमार्ग आहे. माणसें दोन्हीं ठिकाणीं सारख्याच पावलांनीं चालतात, पण एका वेळीं किती जातील ह्यांत जमीन-अस्मानाचें अंतर पडतें. जाहिरातींत 'वेग' हा शब्द छापला जातो, तो ह्या अर्थानें घ्यावा.

गल्ली अखेरीस कोणी ओलांडली, ह्याचें श्रेय वाटतांना एका वर्गाचा उल्लेख सहसा होत नाहीं. १९९१ सालच्या आखाती युद्धानंतर उपग्रहावरून येणारीं दूरचित्रवाणीचीं चित्रें घरोघर पोंचविण्यासाठीं गल्लोगल्लीं केबलवाले उत्पन्न झाले. त्यांनीं रस्ते खणले नाहींत, फारसे परवाने काढले नाहींत. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, नारळाच्या झाडावरून विजेच्या खांबावर तारा टाकल्या. १९९५ सालच्या कायद्यानें त्यांना कांहींसें शिस्तींत आणलें. शहराच्या सौंदर्यास त्यांनीं हातभार लावला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु कोणती इमारत कोठें, सोसायटीचा सेक्रेटरी कोण, गच्चीची किल्ली कोणाकडे, हें ज्ञान मोठ्या कंपन्यांपाशीं नव्हतें, तें त्यांच्यापाशीं होतें. पुढें इंटरनेट आलें तेव्हां अनेक वस्त्यांत ह्याच मंडळींनीं तें घरांत नेलें, आणि त्याच गच्च्यांवरून कांचेचा तंतु ओढला.

शास्त्राची मदत मिळाली ती एका साध्या वस्तूची. केंद्रांतून निघालेल्या एकाच तंतूंतला प्रकाश वस्तींत आणून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वांटून देणारा 'स्प्लिटर' निघाला. त्यास वीज लागत नाहीं, पंखा लागत नाहीं. खांबावरच्या डबींत तो वर्षानुवर्षें पडून राहतो. घराकडे जाणारा प्रकाश एका रंगाचा आणि घराकडून येणारा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळें एकाच तंतूवर दोन्ही बाजूंची वाहतूक होते. हे दोन्ही रंग मनुष्याच्या डोळ्यास न दिसणारे आहेत. अशा रीतीनें घराच्या वांट्यास येणारा खर्च उतरला, आणि केंद्रांमधल्या मार्गास जो न्याय १९७९ मध्यें लागू होता, तो दारापर्यंत येऊन पोंचला. २०१९ च्या सप्टेंबरांत जिओनें अशी सेवा व्यापारी स्वरूपांत सुरू केली आणि सेकंदास शंभर मेगाबिट हा आंकडा मध्यमवर्गीय घरांत रोजच्या बोलण्यांतला झाला. तें छायाचित्र आतां डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत येतें. ग्रामपंचायतींपर्यंत कांच नेण्याची योजना सरकारनें २०११ सालींच हातीं घेतली होती. २०१५ पासून ती 'भारतनेट' नांवानें ओळखली जाते. पंचायतीच्या कचेरीपर्यंत आलेला तंतु तेथून पुढें घरांत नेण्याचा प्रश्न मात्र तेथेंहि तोच आहे, आणि तेथें केबलवालाहि नाहीं.

ह्या सर्व प्रयत्नांची परीक्षा मार्च २०२० मध्यें झाली. टाळेबंदी झाली, आणि शाळा, कचेरी, दवाखाना हीं सर्व घरांतल्या एका तारेवर येऊन बसलीं. दोन खोल्यांच्या घरांत मुलगा वर्गांत, मुलगी परीक्षेंत, बाप कचेरींत, आणि आजोबा डॉक्टरांपुढें, असे चौघे एकाच वेळीं नुसते पाहत नव्हते, बोलतहि होते. पाहणें पुष्कळ आणि पाठविणें थोडें, हें तांब्याच्या काळचें गृहीत कोसळून पडलें. ज्यांच्या घरीं कांच पोंचली होती त्यांचा वर्ग चालला. ज्यांच्या घरीं नव्हती त्यांचा आवाज मध्येंच तुटे, आणि शिक्षक पुढें जात. एकाच इयत्तेंतल्या दोन मुलांमध्यें ह्या दोन-चारशें पावलांनीं जें अंतर पाडलें, तें पुढच्या यत्तांतहि लवकर भरून आलें नाहीं. सरकारनें २०२३ च्या जानेवारींत ब्रॉडबँडची किमान मर्यादा दोन मेगाबिट केली. पण ज्या घरांत दोन मुलें शिकत आहेत, त्या घरांत हा आंकडा हास्यास्पद वाटावा असाच आहे.

नवी जोडणी घेतांना गृहस्थानें दोन-तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. तंतु कोपऱ्यांत काटकोनांत दाबून बसवूं नये. किरण आंतल्या आंत परततो तो वांक मंद असेल तरच, एरवीं तो बाहेर निसटतो. तुटलेल्या टोंकांत डोळा घालून पाहूं नये, कारण त्यांतला प्रकाश दिसत नाहीं म्हणून तो नाहीं असें नव्हे. तंतु भिंतीवरच्या पेटीशीं संपतो. तेथून पुढें घरभर जातें तें वाय-फाय, आणि जुन्या वाड्यांच्या दीड-दीड हात जाड भिंती त्यास अडवितात. वेग मिळत नाहीं अशी तक्रार असेल, तर दोष पुष्कळदां कांचेचा नसून त्या भिंतींचा असतो. पेटी घराच्या मध्यभागीं आणली तर तक्रार निम्मी मिटते.

आणि वीज. कांच प्रकाश वाहते, विद्युत् वाहत नाहीं. केंद्राकडून दारापर्यंत येणारा तो ४८ व्होल्टांचा आधार तांब्याबरोबर गेला. आतां गल्लींतले दिवे गेले कीं भिंतीवरची पेटी मिटते, आणि तिच्यावर चालणारा टेलिफोनहि. वृद्ध माणसें एकटीं राहतात अशा घरांत ह्या पेटीस लहानशी बॅटरी जोडणें अगत्याचें आहे. जोडणी देणारे लोक ती आपण होऊन देतातच असें नाहीं, मागावी लागते.

शहरांतून जुनें तांबें आतां निघत आहे. त्यास मोडीचा भाव येतो, म्हणून तें चोरीसहि जातें. कांचेला मोडींत किंमत नाहीं, तरी तांबें समजून तंतूची केबल कापून नेल्याचे प्रकार घडतात. कित्येक इमारतींच्या जिन्यांत 'डीपी'ची गंजलेली पेटी अजून आहे. तिच्यांतल्या जोड्यांवर लाइनमननीं पेन्सिलीनें लिहिलेले क्रमांक वाचतां येतात, आणि तिच्याच खिळ्याला कोणीतरी स्प्लिटरची पांढरी डबी टांगून ठेवलेली असते.